ग्लायडरसाठीची स्थानबिंदू संचिका
ग्लायडरसाठीची स्थानबिंदू संचिका म्हणजे धावपट्ट्या, उतरण्याजोगी शेते आणि शर्यतीतील वळणबिंदू यांची मार्गनिर्देशन आज्ञावलीला पुरवलेली यादी होय. सीयू, तसेच एक्ससीसोअर ही मुक्त आज्ञावली, यांत ‘कप’ स्वरूपाची संचिका चालते. साध्या मजकुराच्या या संचिकेतील प्रत्येक ओळीत एका स्थानाचे नाव, अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, प्रकार, धावपट्टीची दिशा व लांबी आणि रेडिओ वारंवारता यांची स्वल्पविरामांनी विलग केलेली नोंद असते.

अचूकतेचे महत्त्व
इंजिन नसलेल्या ग्लायडरला उतरताना अंदाज चुकल्यास पुन्हा वर जाता येत नाही. धावपट्टीवर किती उंची शिल्लक असताना पोहोचता येईल, हे आज्ञावली नोंदीतील उंचीवरूनच काढते. ३०० मीटर उंचीवरील धावपट्टीची नोंद ३०० फूट अशी झाल्यास सुमारे २०९ मीटर उंची नसतानाही शिल्लक दिसते. वारा नसताना १ मीटर उंची गमावून ४० मीटर पुढे जाणारे ग्लायडर अशा वेळी धावपट्टीच्या सुमारे ८ किलोमीटर अलीकडेच जमिनीला टेकेल.

‘कप’ स्वरूपात अंश व दशांश मिनिटे लिहितात. ३० सेकंद म्हणजे ०.५ मिनिट, ते ०.३ लिहिल्यास अक्षांशावर स्थान सुमारे ३७० मीटर सरकते.

देखभाल
धावपट्ट्या बंद होतात, शेतांवरून विजेच्या तारा जातात. युरोपात ८.३३ किलोहर्ट्झ अंतराच्या वाहिन्या आल्यावर अनेक विमानक्षेत्रांच्या वारंवारता बदलल्या. त्यामुळे धावपट्ट्यांच्या नोंदी अधिकृत वैमानिकी माहितीशी ताडून पाहणे आणि शेतांची प्रत्यक्ष पाहणी करणे आवश्यक ठरते.