सूर्यरोधक लेप, बालकांचे

सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांपासून (वर्णपटातील जांभळ्या रंगाच्या पलीकडील, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांपासून) त्वचेचे रक्षण व्हावे म्हणून तिच्यावर लावण्यात येणाऱ्या मलम, द्रव, जेल वा कांडी अशा स्वरूपांतील पदार्थांना सूर्यरोधक लेप म्हणतात. व्यवहारात ते ‘सनस्क्रीन’ या नावाने ओळखले जातात. निरोगी प्रौढाच्या बाबतीत लेपाची निवड ही बहुधा आवडीनिवडीची बाब असते. परंतु इसब, ॲलर्जी किंवा प्रकाशाची असह्यता असलेल्या बालकाच्या बाबतीत उन्हापासून होणारी इजा व लेपापासून होणारी इजा या दोहोंचा विचार करावा लागतो. अशा बालकाच्या त्वचेला जो सोसतो, जो पुरेशा प्रमाणात व पुन:पुन्हा लावता येतो आणि ज्याच्या वेष्टनावरील माहिती पूर्ण व पडताळता येण्याजोगी असते, तोच लेप विश्वसनीय मानता येतो.

जंबुपार किरण व बालत्वचा : पृथ्वीपर्यंत पोहोचणाऱ्या जंबुपार किरणांचे दोन गट पडतात. सु. २८० ते ३२० नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार-ब (यूव्ही-बी) किरण बाह्यत्वचेत शोषले जातात. त्वचा भाजून लाल होणे हा मुख्यत्वे त्यांचा परिणाम होय. ३२० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार-अ (यूव्ही-ए) किरण अंतस्त्वचेपर्यंत पोहोचतात. त्वचा काळवंडणे, अकाली सुरकुतणे व प्रकाशामुळे होणाऱ्या अनेक ॲलर्जी यांत त्यांचा वाटा मोठा असतो. खिडकीची साधी काच जंबुपार-ब किरण बहुतांशी अडविते. जंबुपार-अ किरण मात्र तिच्यातून बऱ्याच प्रमाणात आत येतात. याहून कमी तरंगलांबीचे जंबुपार-क किरण वातावरणातील ओझोन थरातच शोषले जातात.

अर्भकाच्या त्वचेचा शृंगस्तर (सर्वांत बाहेरचा मृत कोशिकांचा थर) पातळ असतो. त्याच्या शरीराच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळही अधिक असते. त्यामुळे त्वचेवर लावलेली द्रव्ये प्रौढांच्या तुलनेने अधिक प्रमाणात शरीरात जाण्याचा संभव असतो. इसबाने तडकलेल्या त्वचेत हा संभव आणखी वाढतो. म्हणून सहा महिन्यांच्या आतील अर्भकास शक्यतो लेप न लावता सावलीत ठेवावे व सैल सुती कपड्यांनी झाकावे, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे.

मुंबई उपनगरातील ऊन : लेपाची गरज किती, हे स्थळ, ऋतू आणि वेळ यांवर अवलंबून असते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर ही उपनगरे १९° उत्तर अक्षवृत्ताच्या किंचित उत्तरेस आहेत. त्यामुळे मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस असा वर्षातून दोनदा येथे मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. भारतीय प्रमाण वेळ ८२·५° पूर्व रेखावृत्तावरून ठरविलेली असून मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेस असल्याने येथील खरी मध्यान्ह घड्याळातील बारा वाजता होत नाही. ती सरासरीने १२ वाजून ३९ मिनिटांच्या सुमारास होते. जागेच्या टंचाईमुळे येथील अनेक शाळा दोन सत्रांत भरतात आणि साडेबारा-एकच्या सुमारास सकाळच्या सत्रातील मुले घरी परतत असतात, तर दुपारच्या सत्रातील मुले शाळेकडे निघालेली असतात. दिवसातील सर्वांत तीव्र ऊन नेमके याच वेळी असते.

जंबुपार किरणांची तीव्रता जंबुपार निर्देशांकाने व्यक्त करतात. तो ३ वा अधिक असल्यास संरक्षण आवश्यक मानतात. मुंबईत एप्रिल-मेमध्ये निरभ्र दुपारी तो ११ वा त्याहून अधिक होतो व ही ‘आत्यंतिक’ पातळी होय. उपकरण हाताशी नसल्यास सावलीवरून सोपा अंदाज करता येतो : मुलाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड असल्यास ऊन तीव्र समजावे. मेच्या मध्यास मुंबईत अशी स्थिती सकाळी सु. साडेनऊपासून दुपारी सु. पावणेचारपर्यंत असते, तर डिसेंबरच्या अखेरीस ती मध्यान्हीच्या आसपास जेमतेम दोन तास टिकते. पातळ ढगांतून हे किरण बऱ्याच प्रमाणात खाली येतात. कोरडी वाळू त्यांपैकी सु. १५ टक्के परावर्तित करते. म्हणून जुहू, वर्सोवा, आक्सा वा गोराईच्या किनाऱ्यावर छत्रीच्या सावलीतही संरक्षण पूर्ण नसते.

कोणाला आवश्यक : भारतीयांच्या त्वचेतील मेलॅनीन या रंजकद्रव्यामुळे त्यांना काही प्रमाणात नैसर्गिक संरक्षण लाभते आणि गोऱ्या वंशांच्या तुलनेने त्यांच्यात त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण कमी असते. त्यामुळे प्रत्येक निरोगी मुलाला बारमाही लेप लावणे आवश्यकच आहे असे नाही. तथापि वर्णकहीनता, कोड, प्रकाशामुळे उठणारे पुरळ व उन्हाने वाढणारा इसब असलेल्या मुलांना त्याची खरी गरज असते. पुष्कळ मुलांच्या गालांवर फिकट पांढुरके चट्टे उठतात. ते जंतांमुळे किंवा कॅल्शियमच्या अभावी होतात असा समज घरोघरी आढळतो. वस्तुतः हा सौम्य इसबाचाच एक प्रकार असून सभोवतालची त्वचा उन्हाने काळवंडली की चट्टे अधिक उठून दिसतात. कोरडेपणा घालविणारे साधे मलम व ऊन टाळणे हे त्यावरील मुख्य उपाय होत.

घटक व प्रकार : लेपांतील रोधक द्रव्यांचे खनिज व कार्बनी असे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गात झिंक ऑक्साइड व टिटॅनियम डाय-ऑक्साइड ही दोनच द्रव्ये येतात. ती किरणांना आरशाप्रमाणे परत फेकतात असे पूर्वी मानीत; परंतु तीही मुख्यत्वे किरणांचे शोषणच करतात असे आता दिसून आले आहे. ती त्वचेवर क्वचितच दाह उत्पन्न करतात आणि त्यांची ॲलर्जी अत्यंत विरळ आहे. यांपैकी झिंक ऑक्साइडाचे कार्यक्षेत्र अधिक विस्तृत असून ते जंबुपार-अ किरणांच्या बऱ्याच भागाला अडविते. सावळ्या त्वचेवर त्याचा पांढुरका थर दिसतो व त्यामुळे मोठी मुले लेप लावून घेण्यास नाखूष असतात. लोह ऑक्साइडे मिसळून रंग दिलेल्या लेपांत हा दोष कमी असतो.

दुसऱ्या वर्गात ॲव्होबेंझोन, ऑक्सिबेंझोन, ऑक्टोक्रिलीन इ. द्रव्ये येतात. ती त्वचेवर दिसत नाहीत. पण त्यांपैकी काहींमुळे ॲलर्जी होऊ शकते व कधीकधी ती ऊन लागल्यावरच प्रकट होते. या वर्गातील पॅरा-ॲमिनोबेंझॉइक अम्ल एके काळी सर्वत्र वापरात होते. ॲलर्जीच्या तक्रारींमुळे ते मागे पडले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये मांडलेल्या प्रस्तावात झिंक ऑक्साइड व टिटॅनियम डाय-ऑक्साइड ही दोनच द्रव्ये सुरक्षित व परिणामकारक म्हणून गणली. कार्बनी वर्गातील बारा द्रव्यांबाबत अधिक माहिती मागविली. याचा अर्थ ती घातक ठरली असा नव्हे. तथापि संवेदनशील त्वचेच्या बालकासाठी खनिज वर्गाला प्रथम पसंती देण्यास हा एक आधार आहे.

दाहाचे कारण पुष्कळदा रोधक द्रव्य नसून सुगंध, परिरक्षके (टिकाऊपणासाठी मिसळलेली द्रव्ये) किंवा अल्कोहॉल हे असते. अल्कोहॉलयुक्त जेल इसबाच्या त्वचेवर झोंबते. उलट, दाट तेलकट मलमाने मुंबईच्या दमट हवेत घामोळे वाढते. म्हणून सुगंधरहित, पातळ मलमाच्या स्वरूपातील लेप येथील हवामानास अधिक मानवतो. फवाऱ्याच्या स्वरूपातील लेप श्वासावाटे आत जाण्याचा धोका असल्याने मुलांसाठी टाळावा.

वेष्टनावरील अंक : सूर्यसंरक्षण गुणक (एसपीएफ) म्हणजे लेप लावलेली त्वचा लाल होण्यास लागणारी किरणांची मात्रा व न लावलेली त्वचा लाल होण्यास लागणारी मात्रा यांचे गुणोत्तर होय. ही कल्पना १९७० नंतरच्या दशकात रूढ झाली. गुणक १५ असल्यास त्वचेस लाल करणाऱ्या किरणांपैकी सु. ९३ टक्के, ३० असल्यास सु. ९७ टक्के व ५० असल्यास सु. ९८ टक्के अडविले जातात. यावरून ३० च्या पुढे प्रत्यक्ष लाभ अल्प प्रमाणात वाढतो, हे स्पष्ट होते. हा गुणक प्रामुख्याने जंबुपार-ब किरणांविषयी आहे. जंबुपार-अ किरणांसाठी जपानमध्ये १९९६ मध्ये सुरू झालेली ‘पीए’ ही श्रेणी भारतातील वेष्टनांवरही आढळते. तीत अधिक चिन्हांची संख्या जितकी जास्त तितके संरक्षण जास्त. मुलांसाठी गुणक ३० ते ५० व किमान तीन अधिक चिन्हे असलेला लेप पुरेसा होतो.

हे गुणक दर चौ. सेंमी. त्वचेवर २ मिग्रॅ. लेप लावून ठरविले जातात. सु. वीस किग्रॅ. वजनाच्या मुलाच्या शरीराचे क्षेत्रफळ ८,००० चौ. सेंमी.च्या आसपास असते. म्हणजे पोहण्यापूर्वी सर्वांगास सु. १६ ग्रॅ. लेप लागेल व ५० ग्रॅ.ची नळी तीन वेळांत संपेल. शाळेच्या गणवेशात उघडे राहणारे चेहरा, मान, हात व पोटऱ्या यांना सु. ४ ते ५ ग्रॅ. लागतो. व्यवहारात याच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी लेप लावला जातो व मिळणारे संरक्षण अंकाच्या बरेच खाली राहते. महाग म्हणून पुरवून वापरलेल्या ५० गुणकाच्या लेपापेक्षा पुरेसा लावलेला ३० गुणकाचा लेप अधिक उपयोगी पडतो.

विश्वसनीयतेची पडताळणी : भारतात हे लेप सौंदर्यप्रसाधनांत मोडतात आणि त्यांना औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० व सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू आहेत. महाराष्ट्रात त्यांची अंमलबजावणी राज्याचे अन्न व औषध प्रशासन करते. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, अनुज्ञप्ती क्रमांक (आयात माल असल्यास नोंदणी क्रमांक), गट क्रमांक, वापराची अंतिम मुदत व घटकांची यादी पाहावी. पुढील बाजूस ‘मिनरल’ असे लिहिलेले असूनही यादीत कार्बनी द्रव्ये आढळू शकतात. म्हणून यादी वाचणे हाच खात्रीचा मार्ग आहे. ‘बेबी’, ‘नॅचरल’ किंवा ‘हायपोॲलर्जेनिक’ या शब्दांवर निवड अवलंबून ठेवू नये.

मुद्रित अंकही नेहमी खरा असतोच असे नाही. ऑस्ट्रेलियात, जेथे या लेपांवर कडक नियंत्रण आहे, तेथे ‘चॉइस’ या ग्राहक संस्थेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत २० पैकी १६ लेप छापलेल्या गुणकापर्यंत पोहोचले नाहीत. म्हणून कोणत्याही लेपावर सर्वस्वी विसंबू नये.

गोरेपणाची द्रव्ये मिसळलेले लेप मुलांसाठी वर्ज्य समजावेत. ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीविना घेतलेल्या स्टेरॉइडयुक्त मिश्र मलमांनी त्वचा पातळ व उन्हाला अधिक हळवी होते. शासनाने २०१८ मध्ये अशा अनेक स्टेरॉइडांच्या मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद केली आहे. कॅलामाइन लोशनात झिंक ऑक्साइड असले, तरी ते सूर्यरोधक म्हणून प्रमाणित नसते. खोबरेल तेलाचे संरक्षण भरवशाचे नाही आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून डाग पडतात.

वापर : नवा लेप प्रथम मुलाच्या कोपराच्या आतील बाजूस रुपयाएवढ्या जागेवर रोज दोनदा, आठवडाभर लावून पाहावा. खाज, लाली वा पुरळ न आल्यास चेहऱ्याच्या लहान भागावर लावावा व मगच सर्वत्र वापरावा. चिघळलेल्या इसबावर लावू नये. प्रथम इसबाचे नेहमीचे मलम लावून ते मुरू द्यावे व उन्हात जाण्यापूर्वी सु. वीस मिनिटे लेप लावावा. कान, मानेची मागील बाजू व पावले यांचा बहुधा विसर पडतो. दर दोन तासांनी, तसेच पोहून वा घाम पुसून झाल्यावर तो पुन्हा लावावा लागतो. घरी आल्यावर सौम्य साबणाने धुऊन टाकावा.

रुंद काठाची टोपी, लांब बाह्यांचा दाट विणीचा सदरा, छत्री व मैदानी खेळांच्या वेळांत बदल या उपायांनी लेपाची गरजच कमी होते व त्यांची ॲलर्जी सहसा होत नाही. खेळाचा तास सकाळी लवकर ठेवणे हा शाळांना विनाखर्च करता येण्याजोगा उपाय आहे. ऊन टाळल्याने ड जीवनसत्त्वाची उणीव होईल अशी शंका घेतली जाते. सकाळच्या कोवळ्या उन्हात हे जीवनसत्त्व तयार करणारे जंबुपार-ब किरण अल्प असतात. म्हणून अर्भकांना पहिल्या वर्षी रोज ४०० आंतरराष्ट्रीय एकके ड जीवनसत्त्व थेंबांच्या रूपाने देण्याची शिफारस भारतीय बालरोगतज्ज्ञ करतात. मोठ्या मुलांबाबत वैद्याचा सल्ला घ्यावा.

लेप बदलूनही पुरळ उठत राहिल्यास, थोड्याशा उन्हानेही फोड येत असल्यास किंवा लहान वयातच चेहऱ्यावर काळे ठिपके दाट होत असल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते. उपनगरांतील रुग्णांना जुहूचे कूपर व शीवचे लोकमान्य टिळक ही महापालिकेची, वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली रुग्णालये सोयीची आहेत. कोणत्या घटकाची ॲलर्जी आहे हे पट्टी परीक्षेने व प्रकाशाशी निगडित ॲलर्जी प्रकाश-पट्टी परीक्षेने ठरविता येते. तो घटक एकदा निश्चित झाला की, निवडीतील बरीचशी अनिश्चितता नाहीशी होते.