बेरीज १२१ : ‘ऑल अमेरिकन फाइव’ कशाला म्हणायचे?

जुने रेडिओ जमवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात ‘ऑल अमेरिकन फाइव’ हे नाव सतत येते. ते कुठल्या कंपनीचे नाही आणि कुठल्या एका मॉडेलचेही नाही. १९३०च्या दशकाच्या मध्यापासून १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत लाखोंनी खपलेल्या, टेबलावर ठेवायच्या छोट्या आणि स्वस्त रेडिओंना पडलेले हे टोपणनाव आहे. आरसीए, झेनिथ, फिल्को, एमर्सन अशा सगळ्याच कंपन्यांनी असे रेडिओ काढले. पण हल्ली हे नाव फार सैल झाले आहे. अमेरिकन रेडिओ उघडला, आत पाच व्हॉल्व्ह दिसले, की लगेच तो ‘ऑल अमेरिकन फाइव’ ठरतो. माझ्या मते ही ओळख चुकीची आहे आणि धोक्याचीही आहे. या रेडिओची खरी खूण व्हॉल्व्हच्या संख्येत नसून ते मेनच्या विजेला कसे जोडले आहेत यात आहे.

पाच व्हॉल्व्हची कामे आधी पाहू. पहिला व्हॉल्व्ह हवेतून आलेल्या लहरीत स्वतः तयार केलेली लहर मिसळतो. स्टेशन १००० किलोहर्ट्झवर असेल तर तो १४५५ची लहर निर्माण करतो, म्हणजे दोघांतला फरक ४५५ राहतो. स्टेशन कुठलेही लावा, फरक तेवढाच; त्यामुळे पुढची सगळी यंत्रणा त्या एकाच लहरीसाठी नेमकी जुळवून ठेवता येते. दुसरा व्हॉल्व्ह ही लहर वाढवतो. तिसरा तिच्यातून आवाज वेगळा काढतो, त्याला पहिली उभारी देतो आणि जवळच्या जोरदार स्टेशनचा भडिमार आपोआप आवरतो. चौथा स्पीकर हलवतो. पाचवा, म्हणजे रेक्टिफायर, विजेला एकदिश करतो. स्टेशनच्या लहरीशी त्याचा काही संबंध येत नाही. ही विभागणी अशी लहर मिसळणाऱ्या, म्हणजे सुपरहेटरोडाइन पद्धतीच्या, कितीतरी रेडिओंत, आपल्याकडच्याही, जवळपास अशीच सापडते. मग या रेडिओचे वेगळेपण कशात?

ते व्हॉल्व्हच्या नावांतच छापलेले आहे. १९३९च्या सुमारास आलेला संच असा : १२एसए७, १२एसके७, १२एसक्यू७, ५०एल६ आणि ३५झेड५. नावाच्या सुरुवातीचा आकडा म्हणजे त्या व्हॉल्व्हच्या हीटरला, आतल्या तापणाऱ्या तारेला, लागणारे व्होल्ट, ढोबळमानाने. बारा त्रिक छत्तीस, अधिक पन्नास, अधिक पस्तीस : बेरीज १२१. अमेरिकन घरातली वीज साधारण ११७ व्होल्टची. पाचही हीटर एकामागून एक जोडून दोन टोके थेट प्लगला दिली की काम झाले. मध्ये ट्रान्सफॉर्मर नको. दुसऱ्या महायुद्धानंतर व्हॉल्व्ह बोटाएवढे झाले, १२बीई६, १२बीए६, १२एव्ही६, ५०सी५, ३५डब्ल्यू४, तरी बेरीज तीच राहिली. जोडण्याचा क्रमसुद्धा विचारपूर्वक ठरवलेला असे. रेक्टिफायर मेनच्या बाजूला आणि आवाजाची अगदी बारीक लहर हाताळणारा तिसरा व्हॉल्व्ह दुसऱ्या टोकाला, म्हणजे विजेची घरघर स्पीकरमध्ये कमीत कमी उतरावी. आरंभीच्या रेडिओंत ही बेरीज जुळत नव्हती. ६, ६, ६, २५, २५ असे व्हॉल्व्ह असत आणि उरलेले पन्नासेक व्होल्ट प्लगच्या वायरीतच गुंफलेल्या रोधक तारेत उष्णता होऊन जात. ती वायर वापरताना गरम व्हायची. लांब दिसते म्हणून कुणी ती कापून आखूड केली, तर व्हॉल्व्हचे आयुष्यच कापले जाई.

यावर आक्षेप घेतला जातो की ही सगळी पैसे वाचवण्याची युक्ती, तिचे एवढे कौतुक कशाला? पैसे वाचवणे हा हेतू होताच. ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंड, तांबे आणि वजन. पण तो काढल्याने आणखी एक गोष्ट साधली. ट्रान्सफॉर्मर डीसी विजेवर चालत नाही, हा रेडिओ मात्र एसी आणि डीसी दोन्हींवर चालतो. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या काही भागांत घरोघरी डीसी वीज होती; तिथला डीसी पुरवठा अखेरचा बंद झाला तो थेट २००७ साली. अशा घरात हा रेडिओ लागायचा, फार तर प्लग उलटा करून घालावा लागे. आवाज दोनेक वॅटच्या आतला, पण एका खोलीला पुरेसा. दोष सांगायचाच तर दिवाळीच्या जुन्या दिव्यांच्या माळेचा : एक हीटर तुटला की पाचही विझणार, आणि कुठला गेला ते एकेक तपासून शोधावे लागणार.

दुसरा आक्षेप मला फार गंभीर वाटतो. मध्ये ट्रान्सफॉर्मर नाही, म्हणजे मेनच्या दोन वायरींपैकी एक रेडिओच्या आतल्या मंडलाला, अनेक मॉडेलमध्ये तर सरळ लोखंडी चासीलाच, म्हणजे आतल्या सांगाड्यालाच, जोडलेली असते. तेव्हाच्या प्लगच्या दोन्ही पिना सारख्या, त्यामुळे प्लग एका बाजूने घातला तर चासी निर्धोक आणि उलटा घातला तर तिच्यात पूर्ण करंट. म्हणून खोके बॅकेलाइटचे, बटणे बॅकेलाइटची. मागचा पुठ्ठा काढला की त्याच्याबरोबर वायरही सुटून येईल अशी सोय. पण एखादे बटण हरवले की उघडी राहते ती धातूची दांडी, आणि ती दांडी चासीलाच जोडलेली. पुढे चासी रोधक आणि कपॅसिटरमार्गे जोडून हा धोका कमी करण्यात आला, तरी जुन्या कपॅसिटरचा भरवसा धरता येत नाही. स्वस्ताई आणि धोका दोन्ही एकाच निर्णयातून आले, हे मान्यच केले पाहिजे.

आणि म्हणूनच नावाचा अर्थ काटेकोर ठेवावा असे मी म्हणतो. लोकांच्या तोंडी अर्थ बदलतो, तो बदलू द्यावा, असे कुणी म्हणेल. एरवी मीही तेच म्हणेन. पण ट्रान्सफॉर्मर असलेल्या पाच व्हॉल्व्हच्या रेडिओला हेच नाव दिले, तर नावामागची सूचना पुसली जाते. आणि दुरुस्तीला बसलेल्या माणसाला ‘चासीला हात लावू नकोस’ असे सांगणारी एक खूण हरवते. युरोपात फिलिप्स वगैरे कंपन्यांनी ‘यू’ मालिकेचे व्हॉल्व्ह घेऊन याच धर्तीचे एसी-डीसी रेडिओ काढले. यूसीएच४२, यूएफ४१, यूबीसी४१, यूएल४१, यूवाय४१ या पाचांच्या हीटरची बेरीजही ११७च्या आसपासच येते, त्यामुळे २२० व्होल्टवर उरलेले शंभर व्होल्ट एका रोधकात जाळावे लागत. त्यांना अमेरिकन म्हणता येणार नाही, पण धोका तोच आणि सावधगिरीही तीच.

आपल्याकडे अमेरिकेतून असा रेडिओ आणणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावे. २३० व्होल्टवर तो थेट लावला तर हीटर जळतील. बाजारात ११० व्होल्टचा म्हणून मिळणारा छोटा स्टेप-डाउन बहुधा ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतो. तो व्होल्ट उतरवतो, पण रेडिओला मेनपासून अलग करत नाही. त्यासाठी दोन वेगळी वेटोळी असलेला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच लागतो. विकत घेताना त्यात दोन वेगळी वेटोळी आहेत का, हे दुकानदाराला विचारावे.