वीजवाहक तारांची प्राणिनामे : एका संज्ञाव्यवस्थेचे वाचन

5 एप्रिल 2024 रोजी रायपूरच्या गुढियारी भागातील राज्य वीज वितरण कंपनीच्या भांडारास आग लागली आणि तेथील रोहित्रे मोठ्या संख्येने जळाली. त्या निमित्ताने एरवी कोणाच्या लक्षात न येणारी ही जागा वृत्तपत्रांतून सर्वदूर पोहोचली. अशा भांडारांत रोहित्रांप्रमाणेच उघड्या तारेचे ड्रमही साठविलेले असतात, आणि त्यांवर ‘वीझल’, ‘रॅबिट’, ‘डॉग’ अशी नावे असतात. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने या नावांपाशी थोडे थांबावे, असे मला वाटते. पदार्थविज्ञानाची एक संपूर्ण वर्गवारी येथे प्राणिसृष्टीच्या भाषेत लिहिली गेली आहे, आणि ती कथेच्या सवयीने वाचू गेल्यास वाचन हमखास चुकते.

प्रथम संज्ञेविषयी. ‘कंडक्टर’ या इंग्रजी शब्दासाठी मराठीत ‘वाहक’ रूढ झाला. परंतु सामान्य मराठी माणसाला ‘वाहक’ म्हणताच एस.टी.तील तिकिटे देणारा गृहस्थ आठवतो. मूळ इंग्रजी शब्दातील द्व्यर्थ भाषांतराबरोबर जसाच्या तसा आपल्याकडे आला. प्रत्यक्ष खांबावर काम करणारे मात्र ‘तार’ किंवा ‘कंडक्टर’ हेच शब्द वापरतात. पुढील विवेचनात मीही ‘तार’ हाच शब्द पत्करला आहे.

खांबावरील तारेकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात : तिने वीज सहज वाहून न्यावी आणि दोन आधारांमधील ताण सोसावा. तांबे उत्तम वाहक खरे, पण जड आणि महाग. ॲल्युमिनियमची वाहकता समान आकारमानाला तांब्याच्या सुमारे 61 टक्के भरते. मात्र ते इतके हलके आहे की समान रोधाची तार करावयाची तर वजन साधारण निम्म्यावर येते. उणीव ताणाची. त्यावरचा सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे मध्यभागी जस्तलेपित पोलादाचा गाभा ठेवून त्याभोवती ॲल्युमिनियमचे पदर वळणे. हीच ‘एसीएसआर’ तार. ‘रॅबिट’मध्ये 3.35 मि.मी. व्यासाची पोलादाची एक आणि ॲल्युमिनियमच्या सहा तारा असतात, कारण समान जाडीच्या एका वर्तुळाभोवती नेमकी सहाच बसतात. ‘मूस’मध्ये पोलादाच्या सात तारांभोवती 12, 18 आणि 24 अशा तीन थरांत ॲल्युमिनियमच्या 54 तारा येतात, लगतचे थर उलट दिशांनी पिळलेले असतात. निव्वळ ॲल्युमिनियमची ‘एएसी’ तार शहरातील जवळजवळच्या खांबांना पुरते. मॅग्नेशियम व सिलिकॉन मिसळलेल्या मिश्रधातूच्या ‘एएएसी’ तारेला गाभ्याची गरज नसते, आणि पोलादच नसल्याने ती गंजाला अधिक टिकते.

आता नावे. ब्रिटिश प्रथेत पोलादी गाभ्याच्या तारांना चतुष्पादांची, निव्वळ ॲल्युमिनियमच्या तारांना कीटकांची आणि मिश्रधातूच्या तारांना वृक्षांची नावे दिली गेली. अमेरिकी प्रथेत हीच स्थाने अनुक्रमे पक्षी, फुले आणि शहरे यांनी व्यापली. भारताने वासाहतिक वारशातून चतुष्पाद घेतले. मिश्रधातूची तार मात्र येथे बहुधा क्षेत्रफळानेच ओळखली जाते. सस्यूरच्या परिभाषेत सांगायचे तर नामाचा गण येथे द्रव्य सांगतो आणि त्या गणातील विशिष्ट नाम आकार सांगते.

मौज पुढेच आहे. खार, वीझल, ससा, रकून, कुत्रा, लांडगा, पँथर, झेब्रा, मूस ही आपल्याकडील परिचित यादी लहानाकडून मोठ्याकडे जाते, त्यामुळे ती प्राण्यांच्या आकारावरून रचली असावी असे वाटते. ब्रिटिश यादी सबंध पाहिली की हा समज टिकत नाही. ॲल्युमिनियमचे क्षेत्रफळ ‘फॉक्स’मध्ये सुमारे 37 चौ. मि.मी., तर ‘रॅबिट’मध्ये 53. ‘टायगर’ 131 वर थांबतो, ‘वुल्फ’ 158 वर जातो. ‘लायन’ 238, आणि त्याच्या वर ‘गोट’ 324 व ‘शीप’ 375! पंचतंत्रातल्या सशाने सिंहाला बुद्धीने विहिरीत लोटले होते. इथल्या शेळीला त्यासाठी बुद्धीचीही गरज पडलेली नाही. प्राणिकथेत नावाबरोबर स्वभाव येतो आणि स्वभावाबरोबर कथानक. या यादीत नाव केवळ स्थानदर्शक आहे, स्वभावाची जागा क्षेत्रफळाने घेतली आहे.

म्हणूनच अनुवादाचा प्रश्न केवळ भाषिक राहत नाही. ‘डॉग’चे ‘श्वान’ केल्याने मराठी समृद्ध होईल असे कोणी म्हणेल. माझ्या मते ते घातक ठरेल. ड्रमवरील शब्द, भारतीय मानक 398 मधील कोष्टक आणि खांबावरच्या माणसाच्या तोंडचा शब्द यांची साखळी तेथे तुटते. ‘रॅबिट’च्या जागी ‘फॉक्स’ ओढली तर रोध वाढतो, तार अधिक तापते, प्रसरण पावते आणि तिचा झोळ रस्त्याकडे उतरतो. 11 के.व्ही.ची तार रस्ता ओलांडताना किमान 6.1 मीटर उंचीवर असावी, असा नियम आहे. लघुदाब तारेसाठी हे अंतर 5.8 मीटर आहे. उलट जास्त जाड तार चढविली तर खांबावर वजनाचा आणि वाऱ्याचा वाढीव भार येतो. रॅबिटला रॅबिटच म्हणणारा वायरमन इंग्रजीचा गुलाम असतो असे नाही. त्या शब्दाचा इंग्रजी अर्थ त्याच्या कामाचा नाही, कोष्टकातील जागा मात्र त्याला चोख ठाऊक असते.

नव्या तारांना प्राणी क्वचितच लाभतात. कार्बनतंतूंचा गाभा असलेल्या, 150 अंश सेल्सियसच्या वर तापूनही कमी झोळ देणाऱ्या तारा ओळखल्या जातात त्या बहुधा आद्याक्षरांनी. वस्त्यांतून आता उघड्या तारांऐवजी आवरण असलेल्या, एकत्र पिळलेल्या केबली दिसतात. मराठीत ज्याला ‘आकडा टाकणे’ आणि हिंदी पट्ट्यात ‘कटिया’ म्हणतात, ती वीजचोरी आवरणामुळे अवघड होते. या केबलींवर केवळ संख्या असतात : फेजच्या तारा किती, प्रत्येकीचे क्षेत्रफळ किती, आणि सगळ्यांचा भार पेलणारी तार किती जाड.