चुंबकाच्या गोंगाटात मेंदूची कुजबुज

अपस्माराच्या काही रुग्णांना औषधांचा गुण येत नाही. अशा वेळी शस्त्रक्रियेचा विचार होतो. मात्र झटक्यांचा उगम मेंदूत नेमका कोठे आहे, हे आधी कळावे लागते. मेंदूच्या विद्युतलहरी टिपणारा ईईजी क्षणाक्षणाची नोंद देतो, पण ठिकाण अचूक सांगत नाही. फंक्शनल एमआरआय ठिकाण दाखवतो. परंतु तो रक्तातील बदलांवर विसंबून असल्याने काही सेकंद मागे राहतो. म्हणूनच दोन्ही तपासण्या एकाच वेळी करण्याची कल्पना पुढे आली आणि १९९३ मध्ये तसा प्रयोग प्रसिद्धही झाला.

अडचण होती ती गोंगाटाची. ईईजीचे संकेत जेमतेम काही दशक मायक्रोव्होल्टचे असतात. एक मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा १० लाखावा भाग. प्रतिमा घेताना यंत्रातील चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलते आणि डोक्यावरील इलेक्ट्रोडच्या तारांत वीज निर्माण होते. ती मूळ संकेताच्या शंभर पटींहूनही मोठी असू शकते. तिच्यात मेंदूची लहर पार बुडून जाते.

यावर लंडनमधील फिलिप ॲलन, ऑलिव्हर जोसेफ्स आणि रॉबर्ट टर्नर यांनी २००० मध्ये उपाय मांडला. यंत्राचा गोंगाट प्रत्येक प्रतिमेबरोबर जवळजवळ तसाच पुन्हा उमटतो. मेंदूच्या लहरी तशा उमटत नाहीत. अनेक आवर्तनांची सरासरी काढली की लहरी परस्परांना पुसून टाकतात आणि यंत्राचा ठसा तेवढा उरतो. तो मूळ नोंदीतून वजा करायचा. मात्र त्यासाठी ईईजी आणि एमआरआय यंत्रांची घड्याळे काटेकोर जुळवावी लागतात.

हृदय मात्र यंत्रासारखे वागत नाही. प्रत्येक ठोक्यासरशी डोके किंचित हलते, रक्त चुंबकीय क्षेत्रातून वाहते आणि नोंदीत नवा गोंगाट मिसळतो. दोन ठोके कधी सारखे नसतात. २००५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी एका सरासरीऐवजी ठोक्यांमधील फरकांचे प्रमुख नमुने शोधून ते वजा करण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

तरीही धोका उरतोच. सफाई कमी पडली, तर हृदयाचा ठोका अपस्माराची खूण भासू शकतो; अधिक झाली, तर खरी खूणही पुसली जाते. त्यामुळे यंत्राबाहेर घेतलेल्या नोंदीशी ताडून पाहणे आवश्यक ठरते. शस्त्रक्रियेचा निर्णय अशा एका आलेखावर कधीच सोपवला जात नाही.