दार बंद, तरी काम चालू

रविवारी घरी असलेल्या मुख्याध्यापकांना शाळेच्या कार्यालयातील संगणकावरची निकालपत्रके तपासायची आहेत. शाळेत न जाता हे जमेल का? जमेल. या सोयीला 'रिमोट डेस्कटॉप' म्हणतात. आपण घरी कळ दाबली की ती सूचना शाळेतील संगणकाकडे जाते. काम तोच करतो आणि पडद्यावरचे बदललेले चित्र तेवढे परत पाठवतो. २०२० च्या टाळेबंदीत कितीतरी कार्यालये याच सोयीवर चालली.

पण ही सोय नीट बसवली नाही तर सगळ्या विद्यार्थ्यांच्या नोंदी परक्याच्या हाती जाऊ शकतात. ते कसे, हे पाहू.

इंटरनेटवरील संगणकाला पत्ता असतो आणि त्यावरील प्रत्येक सेवेला क्रमांक दिलेले एक दार, म्हणजे 'पोर्ट'. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचे ठरलेले दार ३३८९ क्रमांकाचे. "एवढ्या मोठ्या जगात आमची लहानशी शाळा कोण शोधणार?" असे आपल्याला वाटते. मात्र ३२ बिटांचे पत्ते एकूण २ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ४३० कोटी. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी 'झेडमॅप' हा प्रोग्राम तयार केला. वेगवान जोडणी असलेल्या एकाच संगणकावरून हे सारे पत्ते ४५ मिनिटांच्या आत ठोठावता येतात, हे त्यांनी दाखवले. शाळेची जेमतेम एक तासिका! तेव्हा आपल्याला कोणी मुद्दाम शोधावे लागत नाही.

मग लांबलचक पासवर्ड ठेवला तर? तो हवाच, पण पुरेसा नाही. मे २०१९ मध्ये विंडोजच्या या सेवेत 'ब्लूकीप' नावाचा दोष उघड झाला. त्यातून पासवर्ड विचारला जाण्यापूर्वीच संगणकाचा ताबा घेता येत असे. कुलूप कितीही भक्कम असो, चौकटच खिळखिळी असेल तर काय उपयोग?

म्हणून ३३८९ चे दार रस्त्यावर उघडूच नये. आधी व्हीपीएन किंवा एसएसएच यांचा सांकेतिक बोगदा उभारावा आणि रिमोट डेस्कटॉप त्याच्या आत चालवावा. एसएसएच १९९५ साली फिनलंडमधील तातू युलोनेन यांनी लिहिले. त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरीला गेले होते, हे त्यामागचे कारण.

वाटेत सारे ऐकणारे असताना दोघांनी गुपित ठरवायचे कसे? १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी सुचवलेली युक्ती वर्गात करून पाहता येईल. २३ आणि ५ या संख्या सर्वांना माहीत आहेत. मीनाने मनात ३ धरला. ५ चा ३ रा घात १२५. त्याला २३ ने भागून उरलेली बाकी १० तिने मोठ्याने सांगितली. राजूने ४ धरला. ५ चा ४ था घात ६२५, बाकी ४. तीही त्याने जाहीर केली. आता मीना राजूच्या ४ चा ३ रा घात करते: ६४, बाकी १८. राजू मीनाच्या १० चा ४ था घात करतो: १०,०००, बाकी १८. दोघांचे गुपित एकच, आणि ते उच्चारले कोणीच नाही! इथे संख्या लहान असल्याने वर्गातील मुले ते शोधून काढतील. प्रत्यक्षात २३ च्या जागी सहाशेहून अधिक अंकांची मूळ संख्या घेतली, तर आजच्या संगणकांनाही ते अशक्यप्राय होते.

तरी पलीकडचा राजू खराच राजू आहे ना, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी प्रत्येकाला स्वतंत्र सांकेतिक किल्ली द्यावी, शिवाय मोबाइलवरील आकड्यांची दुसरी खूण मागावी. पहिल्या जोडणीच्या वेळी पडद्यावर दिसणारा शाळेच्या संगणकाचा 'ठसा' कार्यालयात टिपून ठेवलेल्या ठशाशी ताडून पाहावा. बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या संगणकाच्या दुरुस्त्याही वेळच्या वेळी कराव्यात. आणि शाळा सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याची किल्ली त्याच दिवशी रद्द करावी. कपाटाच्या किल्लीबाबत हे आपण न चुकता करतो. इथे मात्र हमखास विसरतो.