सुरतेचा कवी, ग्रीकांच्या कथा आणि आपली कविता

सुरत म्हटली की आपल्याला शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० सालच्या स्वाऱ्या आठवतात, नाहीतर साड्या आठवतात. याच सुरतेत १८३३ साली नर्मदाशंकर लालशंकर दवे जन्मले. गुजराती माणूस त्यांना नुसते 'नर्मद' म्हणतो. त्यांच्या ग्रंथांची यादी पाहताना १८७० या एकाच वर्षापाशी मी थबकलो. त्या वर्षी त्यांनी रामायणाचे सार लिहिले, महाभारताचे सार लिहिले, आणि त्यांच्याच पंक्तीला होमरच्या 'इलियड'चे सार बसवले. पुराणांतील व्यक्तींचा 'नर्मकथाकोश' हाही त्याच वर्षीचा.

यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. नवल असे, की नर्मद हे 'मी'चे कवी होते. स्वतःचे प्रेम, स्वतःची निराशा, निसर्ग पाहून मनात उठणारी खळबळ हे विषय गुजराती कवितेत आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. कवितेला लागणाऱ्या आवेगाला ते 'जोस्सो' म्हणत. तेहतिसाव्या वर्षी, १८६६ मध्ये, त्यांनी 'मारी हकीकत' हे आत्मचरित्र लिहिले. ते वाचकांपुढे आले ते मात्र १९३३ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला. १८५८ साली शिक्षकाची नोकरी सोडून लेखणीवर पोट भरायचे ठरवले, कर्ज झाले आणि १८८२ साली पुन्हा नोकरी धरावी लागली. (आमच्या वाणिज्य शाखेने या ताळेबंदावर काय शेरा मारला असता तो सांगायला नको.) असा स्वतःविषयी भरभरून बोलणारा कवी परक्या देशाच्या पुराणकथेचे सार काढीत का बसला असावा?

माझ्या मते या दोन कामांत विरोध नाही. हे पटण्यासाठी सार म्हणजे काय ते आधी पाहू. आपण रोजकीर्दीत व्यवहार घडले त्या क्रमाने लिहितो आणि मग खतावणीत ज्याचे त्याच्या खात्यावर नेतो. मूळ 'इलियड' चोवीस सर्गांचे, पंधरा हजारांहून अधिक ओळींचे. त्यात जहाजांच्या याद्या आहेत, शस्त्रांची वर्णने आहेत, देवांची भांडणे आहेत. सार सांगणारा ते सगळे बाजूला सारून प्रत्येक माणसाचे खाते उघडतो. एकिलीसच्या खात्यावर काय राहते? भर सभेत झालेला अपमान, रुसून युद्धातून बाजूला होणे, त्यापायी जिवलग मित्राचा मृत्यू, आणि मग हेक्टरला मारूनही न शमलेला राग. शेवटी हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम मुलाचे प्रेत मागायला रात्री शत्रूच्या तंबूत येतो, मुलाला मारणाऱ्याच्या हाताचे चुंबन घेतो, आणि एकिलीसला दूर राहिलेला स्वतःचा बाप आठवून रडू कोसळते. हे सांगायला ग्रीक भाषा यावी लागत नाही. 'मूळ वाचले आहे का?' असे विचारणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की आपल्यापैकी बहुतेकांना रामायण कीर्तनातून नाहीतर आजीकडूनच कळलेले असते.

ग्रीक कथा आपल्या भाषांत अनेक वाटांनी आल्या. पु. ल. देशपांडे यांनी सोफोक्लीसचे नाटक १९७९ साली 'राजा ओयदिपौस' या नावाने मराठीत आणले. कन्नडमध्ये बी. एम. श्रीकंठय्या यांनी त्याआधीच, १९२९ साली, सोफोक्लीसच्याच 'एजाक्स'चा घाट घेऊन 'अश्वत्थामन्' लिहिले. अपमानाने पेटलेला ग्रीक वीर त्यांनी थेट महाभारतात आणून बसवला. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांनी यावर सविस्तर लिहावे. घरी कानडी आणि शाळेत मराठी असलेल्या माझ्यासारख्याचे त्यात फार भले होईल.

पण कविता लिहिणाऱ्याला या कथांचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मला 'ओडिसी'ची सोपी गद्य कथा वाचताना दिसला. राजा ओडिसियस युद्धाला जातो तेव्हा त्याचा मुलगा टेलेमेकस तान्हा असतो. दहा वर्षे युद्धात जातात, दहा वर्षे परतीच्या वाटेवर. मुलगा वीस वर्षांचा होतो. बाप कसा आहे हे त्याला केवळ लोकांच्या सांगण्यावरून ठाऊक. परक्या दरबारात हेलन त्याचा चेहरा पाहूनच तो कोणाचा मुलगा ते ओळखते. आणि बाप खरोखर समोर उभा राहून 'मीच तो' म्हणतो, तेव्हा मुलाचा विश्वासच बसत नाही.

मी वीस वर्षांचा आहे. माझे आप्पा माझ्या जन्माआधीपासून सुरतेला उधन्यात यंत्रमागावर आहेत. बारा तासांची पाळी, दिवाळीला आणि गावच्या जत्रेला घरी. नर्मद यांचे वडीलही मुंबईत लेखनिकाचे काम करीत, त्यामुळे त्यांचे लहानपण सुरत आणि मुंबईत वाटले गेले होते, हे वाचले तेव्हा बरे वाटले, का ते नीट सांगता येत नाही. आप्पांविषयी 'मी' म्हणून लिहायला बसले की एक तर तक्रार होते, नाहीतर निबंध होतो. टेलेमेकसच्या जागी उभे राहिल्यावर तक्रार गळून पडली आणि उरलेले लिहिता आले:

स्टेशनावर उतरलेला माणूस
माझ्यासारखाच चालतो, म्हणतात.
मी त्याच्या हातातली पिशवी घेतो.
ओळख मागून येते, घरापर्यंत.

यात टेलेमेकसचे नाव कुठेही नाही, आणि नसावे. कवितेत ग्रीक नावे पेरली की वाचक कोश शोधायला जातो आणि कविता तिथेच थांबते. कथेतून घ्यायची ती माणसांची एकमेकांतली जागा: कोण कोणाची वाट पाहतो, कोण कोणाला ओळखत नाही. कर्णाची कथाही हे काम करील. पण कर्णावर आपल्याकडे इतके लिहिले गेले आहे की त्याच्या जागी उभे राहायला गर्दीतून वाट काढावी लागते. परकी कथा त्या मानाने मोकळी असते.

या जत्रेला आप्पा आले तेव्हा त्यांना ही सगळी गोष्ट मी कानडीतून सांगितली. ओडिसियसची राणी पेनेलोपी मागणी घालायला आलेल्यांना टाळण्यासाठी सासऱ्याचे कफन विणायला घेते आणि दिवसा विणलेले रात्री उसवते, असे तीन वर्षे चालवते, इथपर्यंत आलो. राजाच्या परत येण्याविषयी आप्पांनी काहीच विचारले नाही. एवढेच म्हणाले, "रोज उसवायची, तर तिचे सूत तुटत कसे नव्हते?"