वर्गणीदारांचे बदललेले पत्ते : अमेरिकन टपालखात्याची एक योजना

मासिकाचें अर्धें काम छापखान्यांत होतें व अर्धें टपालांत. अंक कितीहि चांगला निघाला, तरी वर्गणीदार मुलाकडे शहरांत राहावयास गेला असल्यास तो जुन्या घराच्या ओट्यावर पडून राहतो, नाहीं तर शिक्का बसून परत येतो. सोसायटीच्या सभेची नोटीसहि त्याच वाटेनें जाते. आणि ज्या सभेंत सभासदानें मत द्यावयाचें तिची नोटीसच त्यास मिळाली नाहीं, तर नुकसान केवळ टपालहंशिलाचें राहत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टपालखात्यानें ह्या अडचणीवर केलेली योजना, सोसायटीचें दप्तर सांभाळणाऱ्या आमच्या वाचकांनीं समजून घेण्याजोगी आहे.

तेथें बिऱ्हाड बदलणारा मनुष्य टपालखात्यास आपला जुना व नवा पत्ता कळवितो. त्यानंतर त्याचीं पत्रें १२ महिने नव्या पत्त्यावर पाठविलीं जातात. मासिकें मात्र ६० दिवसच. (म्हणजे आमच्यासारख्यांचे फार तर दोन अंक!) अशा रीतीनें कळविलेल्या बदलांची एकत्र यादी खात्यानें ठेविली असून तींत सुमारें १६ कोटी नोंदी आहेत. तिला 'एनसीओए-लिंक' म्हणतात. ती वाटेल त्यास मिळत नाहीं. खात्याचा परवाना घेतलेल्या कंपन्यांसच ती मिळते. पूर्ण परवाना असेल त्यांस मागील ४८ महिन्यांची व मर्यादित परवाना असेल त्यांस १८ महिन्यांची. सवलतीच्या दरानें जाहिराती किंवा पत्रें जथ्यानें टाकणाऱ्यांस, टाकण्यापूर्वीं ९५ दिवसांच्या आंत आपले पत्ते ताडून घेण्याचें बंधन असल्यामुळें ह्या कंपन्यांस गिऱ्हाइकांची वाण नाहीं.

पूर्वीं यादी फितीवर भरून पाठवावी लागे. आतां संस्थेच्या संगणकांतील दप्तर कंपनीच्या संगणकाशीं इंटरनेटवरून बोलतें. ह्यालाच वेब सेवा म्हणतात. प्रथम प्रत्येक पत्ता टपालखात्याच्या ठराविक रीतीनें लिहून घेतला जातो व त्यास १९६३ सालीं सुरू झालेला 'झिप' क्रमांक लाविला जातो. हें न केल्यास पुढील सर्व श्रम वायां जातात, कारण जुळणी नांव व जुना पत्ता ह्या दोहोंवरून होते. केवळ नांव दिल्यास कांहींच हातीं लागत नाहीं. बदलाची नोंद एका व्यक्तीची, संपूर्ण कुटुंबाची किंवा पेढीची असूं शकते. हा भेद फार महत्त्वाचा आहे. मुलगा वेगळा झाला म्हणून त्याच आडनांवाच्या बापाचा अंक मुलाच्या दारीं जातां कामा नये.

उत्तर तत्काळ येईलच असें नाहीं. मोठ्या यादीच्या कामास एक क्रमांक मिळतो, व काम झालें कीं नाहीं तें त्यावरून आपल्या संगणकानें पुनःपुन्हां विचारावयाचें असतें. सबब प्रत्येक नांवासोबत आपला वर्गणीदार-क्रमांक पाठवावा, म्हणजे आलेलें उत्तर कोणाचें ह्याविषयीं संशय राहत नाहीं. उत्तरासोबत खुणेचे आंकडे येतात. कोणी नवा पत्ता न ठेवतांच गेलेला असतो, कोणी परदेशीं गेलेला असतो, कोणाची टपालपेटी बंद झालेली असते. ह्या सर्वांस 'पत्ता नाहीं' ह्या एकाच सदरांत टाकणें हा आमच्या मतें आळस होय. कारण परदेशीं गेलेला सभासद पत्रानें पुन्हां सांपडूं शकतो. तसेंच नवा पत्ता आल्यावर जुना पुसून टाकूं नये. तो तारखेसह वहींत ठेवावा. जुळणी चुकीची ठरल्यास परतण्याची वाट उरते.

कधीं कधीं मनुष्य हलत नाहीं, पत्ताच हलतो. अमेरिकेंत खेड्यापाड्यांतील पुष्कळ पत्ते पूर्वीं टपालफेरीच्या क्रमांकावरून लिहीत. संकटसमयीं मदत लवकर पोंचावी म्हणून त्यांस रस्त्यांचीं नांवें व घरक्रमांक दिले गेले, आणि ती जुळणी करणारी निराळी यादीहि खात्यानें ठेविली आहे. आपल्याकडे १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा निघाला, तेव्हां घर व शेत जागच्या जागीं राहून जिल्हा तेवढा बदलला. अशा वेळीं १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू असलेला सहा आंकडी पिनकोड हाच दप्तराचा खरा आधार.

एवढ्या मोठ्या यादीचा दुरुपयोग होणार नाहीं काय, ही शंका रास्त आहे. नवरा, सावकार अथवा भांडखोर भाऊबंद ह्यांच्यापासून दूर गेलेल्या माणसाचा ठिकाणा कोणासहि मिळूं लागल्यास ती सोय नव्हे, संकट होईल. म्हणूनच तेथें यादी देणाऱ्या संस्थेस आधीं लेखी कबुलीपत्रावर सही करावी लागते. एका वेळीं निदान १०० निरनिराळीं नांवें असल्याखेरीज जुळणी करीत नाहींत. आणि नुकतीं घरें बदललेल्यांची वेगळी यादी करून विकण्यास मनाई आहे. ह्यांतील १०० नांवांची अट आम्हांस विशेष शहाणपणाची वाटते, जरी ती लहान सोसायटीस अडचणीची असली तरी.

आमच्यासारख्या मासिकास मात्र वर्गणीदाराच्या पत्रावरच भिस्त ठेवावी लागते. तें लिहितांना वर्गणीदार-क्रमांक, जुना पत्ता, नवा पत्ता, दोन्हींचे पिनकोड आणि एकटेच हललां कीं सर्व कुटुंब, एवढें कळवावें. केवळ नवा पत्ता लिहिलेल्या पत्रावरून एका नांवाच्या चार वर्गणीदारांपैकीं नेमका कोण हललां हें ठरवितां येत नाहीं.